पिल्लाची लस : कधी आणि कितीला



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वस्त्यांवर आपले आरोग्य पथक जाते. माणसांची तपासणी आटोपली, औषधांची पेटी बंद करायची वेळ आली की कुणीतरी हळूच विचारते, "पिल्लू आणलंय. त्याला सुई कधी द्यायची? आणि पैसं किती पडतील?" रविवारी उपासनेनंतर मंडळीतली माणसेही मला हेच विचारतात. फरक इतकाच, की त्यांचे पिल्लू कराडला किंवा मिरजेला बंगल्याच्या फाटकाआड असते. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहते, म्हणून या अंकात सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या भागात एवढी नवी पिल्ले येतात कुठून आणि का? शिराळा, वाळवा, कराड, पाटण या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्या राहू लागला, त्याला आता बरीच वर्षे झाली. बिबट्याला कुत्रा आवडतो. डोंगराकडेच्या वस्तीवर राखणीचा कुत्रा दोन-तीन वर्षे टिकला तरी नशीब. कुत्रा गेला की आठवड्यात कुणाच्या तरी मागच्या दारातून नवे पिल्लू येते. काही कुत्री रस्त्यावर गाडीखाली जातात, काही रोगाने. म्हणजे गेल्या वर्षी आपण वस्तीवरच्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचली असली, तरी यंदा त्यातली निम्मी उरलेली नसतात आणि त्यांच्या जागी लस न झालेली पिल्ले असतात. पिसाळण्याचा रोग गावात फिरू नये यासाठी तिथल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस झालेली असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला आकडा सत्तरच्या खाली येतो तो या नव्या पिल्लांमुळे. मोठ्या कुत्र्याला घेऊन माणसे शिबिराला येतात, पिल्लू मात्र "लहान हाय अजून" म्हणून घरी राहते.

आणि मुलांच्या हातात दिवसभर असते ते पिल्लूच. त्याचे दुधाचे दात सुईसारखे असतात. खेळता खेळता बोटाला, पोटरीला लागते आणि त्याला कुणी चावा म्हणत नाही. पुढे ते पिल्लू सुस्त पडते, लाळ गाळते, दोन दिवसांत मरते. कुणीतरी म्हणते, रोग आला. खड्डा खणून पुरतात, संपले. जगात कुत्र्याच्या संशयित चाव्यांत सापडणाऱ्यांपैकी चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. माणसाला होणारा हा रोग जवळजवळ सगळा कुत्र्यापासूनच येतो, आणि एकदा लक्षणे दिसली की रोगी वाचत नाही. म्हणून पिल्लाची लस हा मी आधी मुलांच्या आरोग्याचा विषय मानतो.

आता वेळेचे बघू. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत आईचे चिकाचे दूध पिते. आईची रोगाशी लढण्याची ताकद त्या दुधातून त्याच्यात उतरते. ही उसनी ताकद काही आठवडे टिकते आणि हळूहळू ओसरते. ती अंगात आहे तोवर लस टोचली, तर ती लसीलाच निष्प्रभ करते. फार उशीर केला तर मधल्या दिवसांत पिल्लू उघडे पडते. ताकद नेमकी कोणत्या दिवशी संपेल हे बाहेरून कळत नाही, एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक असतो. म्हणून एक डोस देऊन थांबत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांचे पिल्लू झाले की संयुक्त लसीचा पहिला डोस, मग तीन ते चार आठवड्यांनी दुसरा, पुन्हा तितक्याच अंतराने तिसरा, आणि शेवटचा डोस पिल्लू सोळा आठवड्यांचे झाल्यावर पडेल अशा बेताने. ही लस पार्व्हो, डिस्टेंपर, यकृताची साथ आणि बहुतेक वेळा लेप्टोवरही चालते. तिसऱ्या डोसाचा खर्च डॉक्टर उगाच वाढवतात, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अनेकदा तो शेवटचा डोसच खरे काम करतो, कारण तोवर आईची ताकद नक्की संपलेली असते.

पिसाळण्यावरची, म्हणजे रेबीजची लस वेगळी. ती पिल्लू बारा आठवड्यांचे, सोप्या भाषेत तीन महिन्यांचे झाल्यावर द्यायची. त्यानंतर एक वर्षाने पुन्हा, आणि मग दरवर्षी. काही डॉक्टर पहिल्या डोसानंतर महिन्याभराने आणखी एक देतात. आपल्या भागात रोगाचा धोका आहे, त्यामुळे ते सांगतील तसे करावे. लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर पिल्लाला मोकाट कुत्र्यांत सोडू नये.

शिबिरात मात्र नियम थोडा सैल ठेवावा लागतो. वस्तीवर लस घेऊन गेलो आणि कुणी दोन महिन्यांचे पिल्लू आणले, तर परत पाठवायचे नाही. धोक्याच्या भागातल्या मोहिमेत तीन महिन्यांखालच्या पिल्लांनाही लस द्यावी, असेच मार्गदर्शन आहे. फक्त पुढे तीन महिने भरल्यावर त्याला पुन्हा टोचायचे आणि तसे कार्डावर लिहून द्यायचे.

"पण तीन महिने झाले हे कळायचं कसं?" एका आजींनी मला विचारले होते. प्रश्न बरोबर आहे, पिल्लाचा जन्मदाखला कोण ठेवतो! दात बघावेत. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात फुटू लागतात आणि दोन महिन्यांच्या आत-बाहेर सगळे अठ्ठावीस येतात. पुढचे बारीक दात पडून तिथे मोठे, रुंद दात दिसू लागले की पिल्लाने तीन महिने ओलांडले असे धरावे. अशा पिल्लाची रेबीजची लस झाली नसेल तर ती थकली आहे, पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

लसीच्याही आधी जंताचे औषध. पिल्लाच्या पोटात जंत आईकडूनच येतात, जन्माच्या आधीपासून. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा आणि पुढे तीन महिन्यांनी एकदा, असा क्रम आहे. पोट टम्म, फासळ्या बाहेर, असे पिल्लू जंतांनी पोखरलेले असते आणि त्याच्यावर लसही नीट लागू होत नाही. हेच जंत अंगणातल्या मातीतून मुलांच्या पोटात जातात. औषध पिल्लाच्या वजनावर द्यायचे असते, अंदाजाने नाही.

वर्षातला कोणता काळ गाठायचा, हे आमच्या पथकाला अनुभवाने समजले. आपल्याकडे कुत्र्यांचा माज पावसाळा सरताना सुरू होतो. कार्तिकातल्या कुत्र्यांवर तर आपल्या भाषेत बोलणीच आहेत. गाभणकाळ त्रेसष्ट दिवसांचा. म्हणजे पिल्लांची मोठी वेते पडतात नोव्हेंबर ते जानेवारी, ऐन नाताळच्या आगेमागे. ती तीन महिन्यांची होतात मार्च-एप्रिलमध्ये. झावळ्यांचा रविवार ते ईस्टरनंतरचे दोन आठवडे हा आपल्या लोकांना लक्षात ठेवायला सोपा काळ आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मोफत रेबीज लसीकरण अनेक ठिकाणी 6 जुलैला, जागतिक प्राणिजन्य रोग दिनी होते, किंवा 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास. ही शिबिरे चांगली आहेत, त्यांचा फायदा जरूर घ्यावा. पण नाताळात जन्मलेले पिल्लू जुलैपर्यंत थांबवले तर तीन-चार महिने ते लसीविना मुलांत फिरते, आणि सप्टेंबरपर्यंत थांबवले तर त्याहून जास्त.

फिरत्या लोकांचे गणित आणखी वेगळे आहे. माण, खटाव, आटपाडी, जत भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन निघतात ते पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या कुत्र्यांची पिल्ले वाटेवरच जन्मतात. तिथे ईस्टरचा हिशोब उपयोगाचा नाही. मोठ्या कुत्र्यांना निघण्याआधी दसऱ्याच्या सुमारास गाठावे आणि पिल्लांना परत आल्यावर जूनमध्ये. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांबरोबरही कुत्री असतात. कारखान्याचा पट्टा पडायच्या आत, टोळ्या गाडीत बसायच्या आधी ती टोचून घ्यावी लागतात. वाई, जावळी, महाबळेश्वरकडची कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात. त्यांच्या वस्तीवर मार्चमध्ये गेलात तर म्हातारी माणसे आणि बंद दारे भेटतील.

आता खर्च. शहरात खासगी दवाखान्यात संयुक्त लसीच्या एका डोसाला साधारण पाचशे ते नऊशे रुपये पडतात आणि रेबीजच्या डोसाला दोनशे ते चारशे. तीन संयुक्त, एक किंवा दोन रेबीज, जंताची औषधे आणि तपासणी फी धरली तर पहिल्या वर्षाला अडीच ते चार हजार रुपये हाताशी ठेवावेत. दवाखान्यागणिक आणि लसीच्या कंपनीप्रमाणे दर बदलतात, म्हणून आधी फोन करून विचारणे बरे. दुसऱ्या वर्षापासून खर्च निम्म्याहून खाली येतो. हौसेने जातिवंत पिल्लाला पंधरा-वीस हजार मोजणारी माणसे तिसऱ्या डोसाच्या वेळी हात आखडता घेतात, याचे मला नेहमी नवल वाटते. पार्व्हो झाला तर पिल्लाला चार-पाच दिवस सलाईन लावावे लागते, खर्च काही हजारांत जातो आणि तरीही हमी नसते. शिवाय पार्व्होचा विषाणू अंगणाच्या मातीत वर्षभरही टिकतो. ज्या अंगणात यंदा पिल्लू रक्ताची हगवण लागून मेले, तिथे पुढच्या वर्षी लस न केलेले दुसरे आणू नये.

वस्तीवरच्या कुटुंबाला चार हजार सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी मी क्रम लावतो : आधी रेबीज, मग जंताचे औषध, आणि जमले तर संयुक्त लस. रेबीजची लस दहा डोसांच्या बाटलीतही मिळते. बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची असते. म्हणून एकटे पिल्लू घेऊन दवाखान्यात गेलात तर सुटा डोस महाग पडतो, आणि दहा कुत्री एका सकाळी एका झाडाखाली आणलीत तर लसीचा खर्च कुत्र्यामागे शंभर रुपयांच्या आत बसतो. चौदा कुत्र्यांच्या वस्तीत सत्तर टक्के म्हणजे दहा कुत्री होतात. एक बाटली. (अर्थात आम्ही चौदाही कुत्री टोचतो. उरलेल्या चारांसाठी दुसरी बाटली उघडली की शेजारच्या वाडीलाही निरोप जातो.) पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवले तर बरेचदा नाममात्र शुल्कात काम होते. जनावरांसाठी 1962 हा फोन क्रमांकही आहे, आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, खंडाळा-वाई बाजूच्या लोकांना ते जवळ पडते.

दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत. पहिली, बर्फ. लस दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे. दुचाकीच्या डिकीत, उन्हात, फडक्यात गुंडाळून आणलेली लस म्हणजे टोचलेले पाणी. गोठलेली लसही वाया गेली समजावे, तेव्हा बाटली बर्फाला थेट चिकटवूनही ठेवू नये. दुसरी, डोस. "पिल्लू एवढंसं हाय, अर्धाच द्या, दोन पिल्लांत एक करा," असे फार वेळा ऐकतो. रेबीजच्या लसीत लहान-मोठे नसते. पिल्लाला आणि जतच्या उंच कारवान कुत्र्याला एकच मात्रा, एक मिली.

हे सारे कशासाठी, ते एका हिशोबावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी वाई तालुक्यातल्या एका वस्तीवर लस न झालेले पिल्लू लाळ गाळत मेले. आम्हाला कळेपर्यंत ते पुरून झाले होते, त्यामुळे तपासणीला पाठवायला काही उरले नव्हते. सात मुलांनी त्याला हाताळले होते, तिघांना ओरखडे होते. ते पिल्लू पिसाळलेले होते की नाही, हे कधीच कळणार नव्हते. अशा वेळी होते असे धरूनच चालावे लागते. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळाली. पण ती एका दिवसात होत नाही : पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. जीपला दर खेपेला बाराशे, म्हणजे अठ्ठेचाळीसशे रुपये. बरोबर चार मोठी माणसे, चार दिवस, म्हणजे सोळा रोज बुडाले. अठ्ठाविसाव्या दिवसाआधी दोन कुटुंबे वीटभट्टीवर निघून गेली. त्यांच्या मुलांना शेवटचा डोस भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात मिळावा म्हणून आमच्या परिचारिकाताईंनी सहा फोन केले. सगळी मुले आज ठणठणीत आहेत. त्या वस्तीवर तेव्हा नऊ कुत्री होती. एका बाटलीत भागले असते.

चावा किंवा ओरखडा लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हे कुणी मनावर घेत नाही, पण याने विषाणू मोठ्या प्रमाणात निघून जातो. मिरचीपूड, चुना, हळद, तेल काही लावू नये. मग लगेच आरोग्य केंद्र. खोल चावा असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती आणखी एक औषध टोचावे लागते, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते आहे का, हे विचारून घ्यावे. नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे लागते. कुत्र्याला मारू नये, बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावे. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता. पण उपचार सुरू करायला दहा दिवस थांबायचे नाही, कुत्र्याला लस झालेली असली तरीही.

मुले चावा लपवतात, त्यामागे मोठ्यांनी घातलेली पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती असते. ती भीती अगदीच खोटी नव्हती. पाश्चरने 6 जुलै 1885 रोजी पहिल्यांदा एका मुलाला लस टोचली. भारतात 1900 साली कसौलीला आणि 1907 मध्ये कुन्नूरला पाश्चर संस्था उभ्या राहिल्या. कसौलीतच डेव्हिड सेम्पल यांनी 1911 मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस केली, आणि तिची ती पोटातली इंजेक्शने आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसली. ती लस आपल्या देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात टोचतात, गोवराच्या सुईइतकेच दुखते. शाळेत, रविवारच्या वर्गात मुलांना एवढे जरूर सांगावे.

संयुक्त लस मी क्रमात शेवटी ठेवली, पण जंगलाच्या कडेला तिचे मोल वेगळे आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या काठच्या वस्त्यांवरची कुत्री रानात जातात आणि बिबटे वस्तीत येतात. डिस्टेंपर हा रोग कुत्र्यातून रानातल्या मांसाहारी जनावरांत शिरतो. 2018 मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत तेवीस सिंह मेले, त्यांतल्या काहींत याच रोगाचा विषाणू सापडला. ज्या दात्यांना वस्तीवरच्या पिल्लांसाठी काही करावेसे वाटते, त्यांनी पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या जंगलकाठच्या वस्त्यांना संयुक्त लस मिळेल असे पाहावे. तिथे पिल्लामागे तीन डोस लागतात, आणि तीन वेळा बर्फ घेऊन डोंगर चढावा लागतो.

लसीच्या दिवशी पिल्लू दोरीने बांधून, मोठ्या माणसाने धरून आणावे, लहान मुलांच्या हाती देऊ नये. त्याला ताप, जुलाब, उलटी असेल तर त्या दिवशी लस टाळून आधी डॉक्टरांना दाखवावे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच सावलीत थांबावे. तोंड सुजले किंवा धाप लागली तर डॉक्टर जवळ असलेले बरे. दुसऱ्या दिवशी थोडी मरगळ किंवा टोचल्या जागी गाठ आली तर घाबरू नये. कार्डावर पिल्लाचा रंग, मालकाचे नाव, लसीची तारीख आणि पुढची तारीख लिहून घ्यावी. कार्ड हरवते, म्हणून पुढची तारीख दाराच्या आतल्या बाजूला खडूनेही लिहून ठेवावी. पुढच्या फेरीला आम्ही ते दारच बघतो.